सेवक होण्याचा अधिकार : डोर्नकलचा धडा

नेता हा समाजाचा सेवक असतो, हे वाक्य आपल्याकडे सभासंमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते आता गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखे झाले आहे. ख्रिस्ती मंडळ्यांत मात्र हा विचार पायाभूत मानला जातो. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि थोर होऊ पाहणाऱ्याने आधी सेवक व्हावे असे शिकवले, यावर तेथील पुढारीपणाची सगळी कल्पना उभी आहे. १९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकनाने 'सेवक-नेता' ही कल्पना निबंधरूपाने मांडली, आणि पुढे ती व्यवस्थापनाच्या वर्गांतही शिरली.

मी बौद्ध घरात वाढलेला, पेशाने शिक्षक. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास मी श्रद्धेपोटी वाचत नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पुढारी होऊ दिले गेले नाही, त्यातून पुढारी कसा घडतो, हे मला समजून घ्यायचे आहे. म्हणून आधी एक प्रश्न उपस्थित केला पाहिजे. ज्याच्या बापजाद्यांना सेवेवाचून दुसरे काही करण्याची मुभाच नव्हती, त्याला 'सेवक हो' असे सांगण्याचा अर्थ काय? महारवतनाचा जोखड मानेवर असणाऱ्याला सेवेचा महिमा कोणी सांगावा? बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या सक्तीच्या सेवेतून माणूस सोडवण्यासाठीच. सक्तीची सेवा ही सेवा नव्हे. ती वेठ होय. सेवक होण्यासाठीही माणूस आधी स्वतंत्र असावा लागतो.

या कसोटीवर एक उदाहरण तपासून पाहू. आपला मराठवाडा आणि तेलंगणातील डोर्नकल ही दोन्ही त्या काळी एकाच निजामी अंमलाखाली होती. आपली वेठ ती तिकडची वेट्टी. तिकडचे माला आणि मादिगा गावाबाहेरच्या वस्तीतच राहत; मादिगांच्या वाट्याला कातड्याचे काम होते. या वस्त्यांतून १९०९ मध्ये वेदनायकम सॅम्युएल अझरिया काम करू लागले. ते तेलुगू नव्हते. १८७४ मध्ये तिरुनेलवेलीकडील वेळ्ळाळनविळै या खेड्यात, तमिळ नाडार जातीत त्यांचा जन्म झाला. ही जातही त्या काळी उच्चवर्णीयांकडून अवहेलना सोसत आली होती. आपल्याच लोकांच्या पैशावर आणि माणसांवर चालणारी इंडियन मिशनरी सोसायटी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०३ मध्ये स्थापन केली होती. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यात त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप.

अझरियांना हाताला धरून पुढे आणणारे गोरे मित्र होते. वायएमसीएमधील शेरवुड एडी आणि मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांचा त्यात मोठा वाटा होता. तरीही, किंबहुना म्हणूनच, १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत या माणसाने गोऱ्या मिशनऱ्यांना तोंडावर सुनावले की तुमचा त्याग आम्ही मानतो, पण आम्हांला उपकार नकोत, बरोबरीची मैत्री हवी. हे त्या सभेला झोंबले. घडवणारा आणि घडणारा यांच्यात बरोबरी नसेल, तर त्या घडवण्यातून नेता निपजत नाही, आज्ञाधारक नोकर निपजतो. शिष्याला आपल्या शेजारी बसवण्याची गुरूची तयारी आहे की नाही, हाच खरा प्रश्न.

डोर्नकलमध्ये अझरियांनी जी रीत चालवली तिचा कणा होता खेड्यातला शिक्षक. हा शिक्षक माला-मादिगांतूनच आलेला असे. त्याला शिकवत ते त्याच्याच भाषेत, तेलुगूत. त्याच्याबरोबर त्याच्या बायकोचेही शिक्षण होई. बिशपच्या पत्नी अंबू यांनी या कामात मोठा भार उचलला. शिकून हे जोडपे वस्तीत राहायला जाई. दिवसा मुलांची शाळा, संध्याकाळी मजूर कामावरून परतल्यावर प्रार्थना आणि मोठ्यांचे शिक्षण. बिशप स्वतः बैलगाडीने आणि सायकलने वस्त्यांतून फिरत. अस्वच्छता, रोग, कर्ज आणि दारू ही चार भुते वस्तीतून घालवा, असे ते सांगत. अनेक वर्षे वस्तीत कसाला लागलेल्या शिक्षकांतून पुढे धर्मगुरू निवडले जात. इंग्रजी येत नाही एवढ्याने कोणी मागे पडत नसे. मंडळीचा खर्चही मंडळीनेच उचलावा, हा आग्रह होता. घरातल्या बाईने रोजच्या भातातून मूठभर तांदूळ बाजूला काढायचे. भुकेल्या घरातला तो मूठभर तांदूळ म्हणजे मिंधेपणा नाकारण्याची खूण होती.

या रीतीचे फळ लहान नव्हते. अझरियांच्या अखेरच्या वर्षांत डोर्नकलच्या प्रांतातील ख्रिस्ती जनांची संख्या दोन लाखांवर गेली होती, आणि खेड्यांतले शिक्षक दोन हजारांच्या घरात होते. याच काळात, १९३६ मध्ये, जॉन मॉट यांच्याशी बोलताना गांधीजींनी हरिजनांच्या समजशक्तीविषयी बोलताना गायीचा दाखला दिला होता. ज्यांना गायीच्या पंगतीला बसवले गेले, त्यांच्यातीलच माणसे त्या वेळी शेकडो वस्त्यांत फळा-खडू घेऊन उभी होती. यापेक्षा वेगळे उत्तर कशाला हवे?

पण या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९१२ पासून १ जानेवारी १९४५ रोजी मृत्यू येईपर्यंत, अँग्लिकन बिशपप्रांताची सूत्रे हाती असलेले अझरिया हे एकटेच भारतीय राहिले. त्यांच्यानंतर डोर्नकलच्या गादीवर आले ते इंग्रज बिशप एलियट. दोन हजार शिक्षक घडवणाऱ्या मंडळीला त्या गादीसाठी माला-मादिगांतला एकही माणूस सापडला नाही? की शोधण्याची गरजच वाटली नाही? खालच्या पायऱ्या दलितांनी भराव्यात आणि वरची पायरी दुसऱ्याने, ही रचना आपल्या ओळखीची आहे. रोमन कॅथलिकांत तर दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. अँथनी पूला हे ते तेलुगू धर्मगुरू. अझरियांचा राजकारणाकडे पाहण्याचा दृष्टिकोनही आपण जसाच्या तसा स्वीकारू शकत नाही. ख्रिस्ती समाजाला स्वतंत्र मतदारसंघ नकोत, असे त्यांचे मत होते. बाबासाहेबांनी तर धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना, शिकलेला ख्रिस्ती वर्ग अस्पृश्यांतून आलेल्या ख्रिस्ती बांधवाच्या दुःखाशी एकरूप होत नाही, या दुखण्यावर बोट ठेवले होते. १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिला आणि तो आजही बाहेरच आहे. सत्तेत वाटा नसलेली सेवा किती दूर जाते, हे यावरून दिसते.

हा पेच ख्रिस्ती दलितांनी स्वतःही ओळखला. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी जे विचार मांडले, त्यांतून पुढे दलित ईश्वरशास्त्र उभे राहिले. त्यांची मांडणी अशी की देवच सेवक आहे. धोब्याचे आणि भंग्याचे काम हे त्या देवाचे काम आहे. यात दलिताच्या श्रमाला प्रतिष्ठा आहे, हे मान्य. पण मला येथे धोकाही दिसतो. झाडूला देवत्व दिले की झाडू हातातून सुटण्याऐवजी हाताला चिकटून बसतो. सेवेचा उपदेश वरून खाली करायचा नसतो. तो वरच्याने स्वतः आचरायचा असतो, आणि त्याचा पुरावा एकच : वेळ येताच आपली खुर्ची खालच्याला देणे.

हा धडा केवळ ख्रिस्ती मंडळींसाठी नाही. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये मुंबईत राजकारणात प्रवेश करू पाहणाऱ्या तरुणांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ती शाळा फार काळ चालली नाही. त्यानंतर आपण पुतळे उभारले, गट उभारले. वस्तीत जाऊन राहणारा, बायकोसह शिकणारा, लोकांच्या मूठभर धान्यावर उभा राहणारा कार्यकर्ता घडवण्याची शाळा किती ठिकाणी उभारली? आपल्या संघटनांत तरुण कार्यकर्ता सतरंज्या उचलतो, खुर्च्या मांडतो आणि म्हातारा होतो. त्याला आपण सेवाभावी म्हणतो. ही सेवा नव्हे; चळवळीच्या नावाने चालवलेले हे नवे वतन आहे. ज्या पुढाऱ्याने आपल्या हयातीत आपल्या जागेवर बसेल असा एकही माणूस तयार केला नाही, त्याने स्वतःला समाजाचा सेवक म्हणवून घेऊ नये.