मनगटावरचे नाव



कर्जत सोडून गाडी बोरघाट चढू लागली की मुले बोगदे मोजू लागतात. हा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. १८६१ साली त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने, तापाने, सुरुंगाने किती गेली याचे केवळ अंदाज आहेत, आणि तेही हजारांनी मोजलेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला व त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले, हे इतिहासाने नोंदविले. परंतु दरीत पडलेल्या पाथरवटाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

रोग्याच्या अंगावर खूण करण्याच्या दोन रीती आहेत. एक, इतरांनी त्याच्यापासून सावध राहावे म्हणून; दुसरी, त्याचेच रक्षण व्हावे म्हणून. पहिली आपल्या परिचयाची आहे. १८९७ च्या प्लेगात सरकारने साथरोगाचा कायदा केला. घरांच्या झडत्या झाल्या, संशयितांना उचलून नेण्यात आले, आणि इस्पितळाची धास्ती रोगाएवढीच मोठी झाली. गिरणी कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्याच साथीत गेले. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच कायदा पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का उमटला. त्याच सुमारास हाँगकाँगने लोकांच्या मनगटावर इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले. त्याची गरज असेलही; तथापि ती पाळत होती, शुश्रूषा नव्हे.

दुसरी रीत इस्पितळातील मनगटपट्टीची. आधी साध्या पट्टीवर नाव लिहीत. १९७४ पासून दुकानांतील मालावर वाचल्या जाऊ लागलेल्या उभ्या रेघा पुढे रोग्याच्या पट्टीवर आल्या. मागाहून रेडिओलहरींनी ओळखू येणारी चकती आली. परिचारिका आधी पट्टी वाचते, मग औषधाची बाटली. दोन्हींचा मेळ बसला नाही तर यंत्र अडवते. आईच्या व बाळाच्या पट्ट्यांचा क्रमांक एकच असतो. बाळाला परवानगीवाचून दाराबाहेर नेले तर घंटा वाजते. विस्मृती झालेला वृद्ध जिन्याकडे निघाला तरी तेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले, की रोग्याची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा क्रमांक ही खूण धरू नये. कारण उघड आहे: खाट बदलते, माणूस बदलत नाही. ‘तुम्हीच शांताबाई का?’ असे विचारू नये, ‘तुमचे नाव काय?’ असे विचारावे. ग्लानीतला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवू या. पट्टी चुकीच्या हातावर बांधली, तर यंत्र ती चूक अगदी अचूक वाचील. घंटा वारंवार वाजली, तर कान तिला सरावतात. घंटा ऐकून धावायला माणूस लागतोच. पट्टी आली म्हणून परिचारिका कमी करा, असा हिशेब कोणी मांडू लागला, तर त्याला आपण विरोध केला पाहिजे. तसेच रोग्याच्या रक्षणाची पट्टी उद्या कामगाराच्या प्रत्येक पावलावर नजर ठेवण्यासाठी वापरू दिली जाऊ नये.

आपल्या तालुक्यांतून द्रुतगती मार्ग जातो. अपघातात बेशुद्ध झालेल्या माणसाला स्वतःचे नाव सांगता येत नाही. त्याला ‘अनोळखी’ म्हणून का होईना, पण स्वतंत्र क्रमांकाची पट्टी ताबडतोब बांधली, तर दुसऱ्याचे रक्त त्याला चढण्याचा धोका कमी होतो. हे काम कागदी पट्टीनेही होते. इलेक्ट्रॉनिक पट्टी येईल तेव्हा येवो. ही मागणी आपण आजच करू शकतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. न सापडलेल्यांचाही आकडा सांगता आला, कारण वाडीत कोण कोण राहत होते हे नावानिशी ठाऊक होते. घाटातल्या मजुरांच्या वाट्याला एवढेही आले नव्हते. मेल्यावर का होईना, आपण नावे मोजायला शिकलो. ती माणूस जिवंत असताना, खाटेवर असताना मोजली जावीत, एवढेच या पट्टीचे प्रयोजन आहे.