कतारगाम दरवाजातून तार्सला

कतारगाम दरवाजाजवळ रिक्षांच्या गर्दीत अडकलात ना? तिथेच थांबा. डोळे मिटा.

हॉर्न थांबले. आता बैलगाड्या अडल्या आहेत, नाकातोंडात धुरळा जातोय आणि कतारगामच्या मळ्यांतून तोडून आणलेल्या पापडीचा हिरवा, उग्र वास येतोय. १७९० नंतरची सुरत आहे ही. अंगरखा घामानं पाठीला चिकटलाय. मागचा गाडीवान खेकसतोय. चला, तटाच्या आत!

तापीकडे सरकाल तसा गाळाचा आणि निळीचा वास दाटत जातो. पारशी दलाल, बोहरी, आर्मेनियन यांच्या गर्दीतून वाट काढा. या पेढीवर बसलाय शालोम कोहेन, हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, ज्यू जवाहिऱ्या. बगदाद आणि बसऱ्याहून आलेले त्याचे धर्मबंधूही याच शहरात व्यापार करतात. त्यांनी इथं प्रार्थनामंदिर बांधलंय, दफनभूमीही राखलीय. शालोम रोजनिशी लिहितोय. वाकून बघा: भाषा अरबी, अक्षरं हिब्रू.

आज शुक्रवार, म्हणून सगळी लगबग. सूर्य बुडाला की शब्बाथ सुरू: चूल पेटवायची नाही, सौदा करायचा नाही. कोंबडी धर्माच्या रीतीनंच कापलेली हवी. आपल्या कोकणातले ज्यू, शनवार तेलीही आज संध्याकाळी घाणा सोडतील. दिव्यात तेल ओतलं गेलं, आणि सगळे पश्चिमेला वळले. यरुशलेम तिकडे आहे. तुम्हीही वळा, आणि तसेच मागे चला, आणखी सुमारे अठराशे वर्षं.

हे तार्स, आजच्या तुर्कस्तानातलं. इथं मात्र प्रार्थनेला तोंड दक्षिणेकडे, कारण यरुशलेम त्या बाजूला. किदनोस नदीचं पाणी गार आहे, बाजार तापलेला. लिननच्या कापडाचे ढीग, बकरीच्या केसांच्या जाड्याभरड्या पट्ट्या. हात लावाल तर टोचतील. चहूकडे ग्रीक भाषेत घासाघीस चाललीय. त्या गर्दीतून एक ज्यू पोरगा वाट काढतोय. बाहेर ग्रीक बोलतो, घरी बेन्यामीनच्या वंशाचा अभिमान ऐकतो, आणि रोमचा जन्मजात नागरिकही आहे. हा शौल, पुढचा प्रेषित पौल. त्याला रोममध्ये किंवा चर्चच्या काचचित्रांत शोधण्याआधी इथं, या घामट बाजारात बघा. परक्या शहरात आपलेपण राखायचं आणि शेजाऱ्याच्या भाषेत व्यवहारही करायचा, हे बाळकडू त्याला इथंच मिळालं. पुढे तो नव्या गावात गेला की आधी ज्यूंच्या सभास्थानात जाई.

त्याच्या हातांकडेही नीट बघा. तंबू शिवायचा धंदा आहे त्याचा. पुढे करिंथमध्ये त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला हे ज्यू जोडपं भेटणार आहे, नुकतंच रोममधून हाकललेलं. तेही तंबूच शिवतात. तो त्यांच्याच घरी उतरेल, त्यांच्याबरोबर कामाला बसेल, आणि दर शब्बाथला सभास्थानात वाद घालायला उभा राहील.