अडीच इंचांचा लोहमार्ग

लंडन शहराच्या वेस्टमिन्स्टर भागात, व्हिन्सेंट स्क्वेअरच्या काठाशी, उद्यानविद्येस वाहिलेले एक सभागृह आहे. वरून उजेड यावा म्हणून त्याचे छप्पर काचेचे केलेले. खाली फुलांची, फळांची व वेलींची मांडणी व्हावी, हा ते बांधणाऱ्यांचा हेतू. 1907 साली या सभागृहात एक निराळीच बाग फुलली. त्या वर्षी तेथील मेजांवर पितळ, तांबे आणि पोलाद मांडले गेले. तळहातावर मावतील अशी वाफेची एंजिने, हातभर लांबीच्या आगबोटी, घड्याळे, वीज निर्माण करणारी लहान यंत्रे असा तो सरंजाम होता. छोट्या यंत्रांच्या हौशी कारागिरांचे लंडनमधील हे पहिले मोठे प्रदर्शन. पुढे ते पिढ्यान्‌पिढ्या भरत राहिले आणि इंग्लंडच्या औद्योगिक इतिहासातील एका फारशा न वाचल्या गेलेल्या प्रकरणाचे ते साक्षीदार ठरले.

या प्रकरणाचा सूत्रधार पर्सिव्हल मार्शल नावाचा गृहस्थ. 1898 च्या जानेवारीत त्याने 'मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन' या लांबलचक नावाचे एक नियतकालिक काढले. घराच्या पडवीत किंवा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एखादे कातयंत्र मांडून, कामावरून परतल्यावर रात्री धातू कातीत बसणारी माणसे देशभर विखुरलेली आहेत आणि ती एकमेकांस अनोळखी आहेत, हे त्याने ओळखले होते. नियतकालिकाच्या वाचकांतूनच त्याच वर्षी लंडनमध्ये अशा मंडळींची एक संस्था उभी राहिली. नऊ वर्षांनी प्रदर्शन भरले. कागदावर भेटणारी माणसे प्रथम संस्थेत भेटली आणि मग सर्व जगासमोर आपल्या हातचे काम घेऊन उभी राहिली, असा हा क्रम आहे.

हे काम म्हणजे काय, याची थोडी कल्पना असल्याखेरीज प्रदर्शनाची गोडी कळत नाही. थेम्स नदीकाठच्या हेन्ली गावी स्टुअर्ट टर्नर याचा कारखाना होता. तेथून लहान एंजिनाच्या ओतीव भागांचा संच टपालाने मागविता येई. पुडके उघडले की आत काळेकुळकुळीत, खडबडीत लोखंडी तुकडे निघत. एंजिन म्हणावे असे त्यात काहीच नसे. त्यातून सिलिंडर आतून गोल व गुळगुळीत करावयाचा, त्यात दट्ट्या बेताचा बसवावयाचा, गतिचक्र लंबकातून न डुलता फिरेल असे कातावयाचे, हे सारे विकत घेणाऱ्याने करावयाचे. मापे इंचाच्या सहस्रांशात. माणसाचा केसही असे दोन-तीन सहस्रांश जाड असतो! आटे पाडावयाचे तेही नेहमीच्या कारखान्यातील नव्हेत. विज्ञानोपकरणांसाठी 1884 च्या सुमारास ठरविलेली एक बारीक आट्यांची मालिका या मंडळींनी आपलीशी केली. तिच्यातील शून्य क्रमांकाचा सर्वांत जाड स्क्रू 6 मिलिमीटर व्यासाचा, आणि पुढील प्रत्येक क्रमांकाचा आटा मागच्याच्या नऊ-दशांश. इंचाच्या कट्टर अभिमान्यांच्या देशात मिलिमीटरवर बेतलेली ही मालिका सर्वाधिक टिकली ती या हौशी कारागिरांच्या खणांत, हा इतिहासाचा एक गमतीचा भाग आहे.

प्रदर्शनातील परीक्षक काम तपासतात ते याच नजरेने. रंगाच्या झळाळीकडे ते प्रथम पाहत नाहीत. रिव्हेटांची संख्या मूळ यंत्राप्रमाणे आहे काय, स्क्रूचे डोके प्रमाणाबाहेर मोठे तर नाही ना, तांब्याच्या बॉयलरला लावलेला चांदीचा डाख सांध्यातून सर्वत्र सारखा वाहिला आहे काय, हे ते पाहतात. सभागृहात धूर नको म्हणून मेजावरील पुष्कळशी एंजिने दाबलेल्या हवेवर फिरवितात. पण गर्दी खरी असते ती एका बाजूच्या उंच रुळांपाशी. तेथे खरा कोळसा जळत असतो, खरी वाफ सुटत असते, आणि गुडघ्याएवढ्याही उंचीच्या नसलेल्या एंजिनामागे मुलेच काय, पोक्त माणसेही फळीवर बसून जात असतात.

आज हे दृश्य स्वाभाविक वाटते. एके काळी ते अशक्य मानले जात होते, आणि अशक्य मानणारी माणसे अडाणी नव्हती. येथे थोडे मागे वळावयास हवे.

ग्लासगो विश्वविद्यालयात भौतिकशास्त्राच्या वर्गासाठी न्यूकमेनच्या एंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. तिच्या सिलिंडरचा व्यास 2 इंच, दट्ट्याची धाव 6 इंच. ती नीट चालेना, म्हणून 1763-64 च्या हिवाळ्यात ती विश्वविद्यालयाच्या आवारातच दुकान असलेल्या जेम्स वॉट या उपकरणकाराकडे दुरुस्तीस आली. वॉटने ती दुरुस्त केली. पण चार-दोन फेरे झाले की बॉयलरमधील वाफ संपून एंजिन थांबे. मोठी एंजिने खाणींवर दिवसरात्र पाणी उपसत असताना त्यांचीच हुबेहूब धाकटी प्रतिकृती का दमावी? उत्तर आकारात होते. वस्तू लहान केली की तिचे घनफळ ज्या वेगाने घटते, त्या वेगाने तिचा पृष्ठभाग घटत नाही. लहान सिलिंडरला आतील वाफेच्या मानाने भिंतच फार, आणि दर फेऱ्याला थंड होणारी ती भिंत पुन्हा तापविण्यात बहुतेक वाफ खर्ची पडे. मोठ्या एंजिनातही हीच उधळपट्टी चालू होती. लहानाने ती उघडी पाडली इतकेच. 1765 साली वॉटला निराळ्या संघनकाची कल्पना सुचली, 1769 साली त्याने तिचे पेटंट घेतले, आणि पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. ती नाठाळ प्रतिकृती ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.

छोटे यंत्र स्वतःच्या हाताने घडविण्याची ही वृत्ती केवळ इंग्रजांची होती, असे मात्र समजू नये. मुंबईच्या गोदीतील वाडिया घराण्याचे आर्देशीर खर्सेटजी (1808-1877) यांनी 1830 नंतरच्या थोड्याच वर्षांत एक अश्वशक्तीचे लहान वाफेचे एंजिन स्वतः तयार केले. 1834 साली माझगावातील आपला बंगला व बाग त्यांनी वायूच्या दिव्यांनी उजळून टाकली, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर ती पाहावयास आले होते. 1841 साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. गोदीत वाढलेल्या या माणसाचे शिक्षण हत्यारांच्या संगतीत झाले होते. आपल्याकडे लेखणी धरणारा हात आणि हातोडा धरणारा हात यांची बैठक सहसा एका पंक्तीला झाली नाही. पुण्याच्या तांबट आळीत घणाचे घाव पिढ्यान्‌पिढ्या वाजले, पण कचेरीतून परतलेल्या कारकुनाने हौसेखातर तांब्याचा पत्रा ठोकीत बसावे, ही कल्पना आपल्या मध्यमवर्गाला विचित्रच वाटली असती. आर्देशीरांचे उदाहरण म्हणूनच वेगळे उठून दिसते.

आता पुन्हा लंडनकडे. 1922 ते 1924 या काळात मार्शलच्या नियतकालिकाच्या पानांवर एक वाद पेटला. बॉयलरांची लढाई या नावानेच तो ओळखला जातो. एका बाजूस नॉर्दॅम्प्टनचा बॅसेट-लोक हा प्रख्यात व्यापारी आणि त्याचा आराखडेकार हेन्री ग्रीनली. खेळण्यातील व बागेतील आगगाड्यांचा धंदा या दोघांनी इंग्लंडात नावारूपास आणला होता. लहान एंजिनात कोळशाची शेगडी नीट पेटणार नाही, तेव्हा खाली मद्यार्काचा दिवा लावावा आणि पाण्याच्या नळ्या त्याच्या ज्योतीत सोडाव्यात, ही त्या काळची मान्य पद्धत होती. दुसऱ्या बाजूस एकटा मनुष्य. 'एल. बी. एस. सी.' या सहीने तो लिही. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या ज्या रेल्वेत त्याने एंजिनावर काम केले होते, तिचीच ही आद्याक्षरे. त्याचे नाव लॉरेन्स. परिचयाची मंडळी त्याला कर्ली म्हणत. त्याचा दावा असा, की मोठ्या एंजिनाप्रमाणे शेगडी, ज्वालानलिका आणि खरा कोळसा लहान एंजिनातही चालतो, आणि मद्यार्कापेक्षा पुष्कळच चांगला चालतो.

हे एक सनातनी आणि एक सुधारक असे सोपे भांडण नव्हते. ग्रीनलीच्या बाजूस गणित होते. अडीच इंच रुंदीच्या लोहमार्गावरील एंजिन मूळ एंजिनाच्या सुमारे एक तेविसांश. लांबी तेवीसपट कमी झाली की पृष्ठभाग पाचशेपटींहून अधिक कमी होतो आणि घनफळ सुमारे बारा हजारपटींनी. मूळ बॉयलरमधील 2 इंच व्यासाची नळी येथे इंचाच्या एक दशांशाहूनही बारीक होईल; तिच्यातून तप्त वायू कसा वाहावा? राखेच्या कणाने ती बुजून जाईल. कोळसा काही तेवीसपट लहान होऊन जळत नाही.

लॉरेन्सचे चातुर्य असे, की हे गणित त्याने नाकारले नाही. त्याचा निष्कर्ष नाकारला. आग लहान होत नाही ना? मग नळीही प्रमाणात लहान करू नका. त्याने नळ्यांची संख्या कमी केली आणि व्यास वाढविला. सिलिंडरमधून सुटणारी वापरलेली वाफ धुराड्याच्या तळाशी बेताच्या तोंडाने सोडली, की ती आपल्याबरोबर शेगडीतील वायू ओढून नेते. एंजिन जितके अधिक राबेल, तितकी आग अधिक फुलते. मोठ्या एंजिनाचे हे जुने वर्म होते. आगवाल्याच्या फावड्याने शिकविलेली गोष्ट त्याने कागदावरील प्रमाणापेक्षा मोठी मानली. बाहेरून मूळासारखे दिसावे आणि आत मात्र आपल्या आकाराचे नियम पाळावेत, असे त्याचे एंजिन होते. तिचे नाव आयेशा.

1924 साली लंडनमध्ये आयेशाची सर्वांसमक्ष कसोटी झाली. अडीच इंचांच्या रुळांवर कोळशाच्या बळावर तिने प्रौढ माणसांचा भार ओढून दाखविला. यात जादू नव्हती. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरताना विरोध इतका अल्प असतो, की सपाटीवर बसलेला माणूस ओढण्यास काही पौंडांचा ओढा पुरतो. हा ओढा सातत्याने टिकविण्यास मात्र वाफ सतत तयार होत राहावी लागते, आणि नेमके तेच मद्यार्काच्या दिव्यास जमत नव्हते. त्यानंतर हौशी कारागिरांत कोळशाच्या शेगडीचा बॉयलर हाच प्रमाण ठरला. ग्रीनलीवर अन्याय होऊ नये म्हणून सांगावयास हवे, की केंटच्या किनाऱ्यावर 1927 साली सुरू झालेल्या 15 इंची रुळांच्या रॉमनी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेची सुंदर एंजिने त्याच्याच आराखड्याची होत. मोठ्या आकारात त्याचा हात धरणारा क्वचितच होता. लहान आकारात मात्र एका रेल्वे कामगाराने त्याच्यावर मात केली.

योगायोग असा, की याच 1924 साली जेम्स वॉटची उत्तर आयुष्यातील माळ्यावरची कार्यशाळा, तिच्यातील हत्यारांसह, बर्मिंगहॅमजवळील त्याच्या घरातून हलवून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आणली गेली.

जिंकल्यानंतर लॉरेन्सने जे केले, ते कदाचित जिंकण्यापेक्षाही मोठे आहे. त्याने आपली विद्या वाटून टाकली. मार्शलच्या नियतकालिकात तो वर्षानुवर्षे एकेक एंजिन हप्त्याहप्त्याने घडवून दाखवीत राहिला. कोणती धार कोठे लावावी, डाख लावताना तांबे कोणत्या रंगाचे दिसावे, हात भाजला तर काय करावे, हे सारे शेजाऱ्याशी गप्पा मारल्यासारखे तो लिही. नवशिक्यांसाठी त्याने 'टिच' नावाचे एक बुटके, चार चाकांचे एंजिन रचले. कारखान्याचे तोंड न पाहिलेल्या असंख्य लोकांनी ते पाहता पाहता नव्हे, पण दोन-चार वर्षांच्या रात्री खर्चून पुरे केले. 1967 साली तो वारला. त्याच्या आधी, 1960 साली, नेव्हिल शूट या कादंबरीकाराने आपल्या अखेरच्या एका कादंबरीत अशाच नियतकालिकात लिहिणाऱ्या साध्या, गरीब कारागिराला नायक केले आणि जगाच्या टोकापर्यंत त्याला वाचकच कसे मदतीस येतात, हे रंगविले. हौशी मंडळींतील बंधुभाव पाहिलेल्यास ते अतिशयोक्त वाटत नाही.

युद्धानंतरच्या काळात या छंदाचे आवडते हत्यार म्हणजे नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथील मायफर्ड कारखान्याचे कातयंत्र. 1946 च्या सुमारास बाजारात आलेले त्याचे 'एम. एल. सेव्हन' हे रूप हजारो घरांत पोचले. याच प्रदर्शनांतून चेरी हिल या बाईंचे नाव पुढे आले. एकोणिसाव्या शतकातील विस्मृतीत गेलेली रस्त्यावरची वाफेची एंजिने, प्रसंगी ज्यांचे केवळ जुने आराखडे उरले आहेत अशी, त्यांनी एक षोडशांश आकारात पुन्हा जन्मास घातली आणि एडिंबरोच्या ड्यूकच्या नावे दिला जाणारा मानाचा चषक नऊ वेळा पटकावला. एकेका प्रतिकृतीमागे हजारो तास. त्यांच्या अनेक कृती लंडनच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेत ठेवलेल्या आहेत. एरवी पुरुषांनीच गजबजलेल्या या क्षेत्रात सर्वांत कठीण परीक्षा वारंवार एका स्त्रीने जिंकावी, याची चर्चा परीक्षकांनी फारशी केली नाही. त्यांनी मापे घेतली आणि गुण दिले.

2011 साली बीस्टनचा कारखाना बंद झाला. यंत्रसामग्रीचा लिलाव झाला, आणि नाव यॉर्कशरमधील एका हत्यार-विक्रेत्याने घेतले. जुनी मायफर्ड कातयंत्रे मात्र मोडीत गेली नाहीत. वापरलेल्या यंत्रांच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक मिळत राहिले. त्यांच्यावर अजूनही टिचची चाके कातली जातात, आणि बॉयलर प्रथम पेटविण्याआधी त्यात थंड पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन, संस्थेचा कुणी वृद्ध सभासद दाबमापकाच्या काट्याकडे डोळे लावून उभा राहतो.