एकलव्याचा अंगठा : धनुर्वेदांतील मुष्टींविषयीं कांहीं विचार

महाभारताच्या आदिपर्वांतील एकलव्याची कथा महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. निषादराज हिरण्यधनूचा हा पुत्र द्रोणाचार्यांकडे धनुर्विद्या मागावयास गेला. आचार्यांनीं त्यास नाकारिलें. त्यानें अरण्यांत त्यांची मातीची प्रतिमा करून तिच्यापुढें अभ्यास केला. आणि शेवटीं गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा कापून दिला. आम्हीं ही कथा संस्कृतच्या वर्गांत तीस वर्षें शिकविली. श्लोकांचे अन्वय लाविले, समास सोडविले, गुरुभक्तीवर निबंध लिहून घेतले. परंतु तिच्यांतील एक अगदीं साधा प्रश्न आम्हांस कधीं सुचला नाहीं. तो एका विद्यार्थ्यास सुचला.

सातपुड्याच्या पायथ्याकडून वसतिगृहांत शिकावयास आलेल्या त्या मुलानें वर्गांत उभें राहून विचारिलें, "गुरुजी, बाण तर दोन बोटांनीं ओढतात. मग अंगठा गेल्यानें एकलव्याचें काय अडलें?" कथेचें तात्पर्य अंगठ्यांत नसून त्यागांत आहे, असें कांहीं तरी सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें. हें उत्तर नव्हे हें त्याच्या ध्यानांत आलें असावें. कारण पुढें वर्षभर त्यानें दुसरा प्रश्न विचारिला नाहीं. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचें उशिरा दिलेलें उत्तर होय.

प्रथम मूळ संहितेकडे वळूं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या चिकित्सित आवृत्तींतील आदिपर्व विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलें असून तें १९३३ सालीं पूर्ण झालें. त्यांत ही कथा १२३ व्या अध्यायांत आली आहे. ती लक्षपूर्वक वाचतां दोन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी कीं, पांडवांचा कुत्रा भुंकूं लागतांच एकलव्यानें त्याच्या तोंडांत सात बाण जणूं एकाच वेळीं सोडिले, आणि पांडवांना विस्मय वाटला तो त्याच्या शब्दवेधाचा व लाघवाचा, म्हणजे हाताच्या चपळाईचा. दुसरी गोष्ट अंगठा दिल्यानंतरची. त्यापुढें निषादपुत्र बोटांनीं बाण ओढूं लागला, परंतु पूर्वीइतका शीघ्र राहिला नाहीं, एवढेंच कवि सांगतो. त्याचें धनुष्य सुटलें असें तो म्हणत नाहीं. नेम चुकूं लागला असेंही म्हणत नाहीं. गेली ती केवळ शीघ्रता. हे दोन उल्लेख एकमेकांशेजारीं ठेवून वाचण्याचें आम्हांस तीस वर्षांत सुचलें नव्हतें.

आतां बाण ओढण्याच्या रीतींचा विचार करूं. एडवर्ड मोर्स हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जपानांत अध्यापक होता. तेथील धनुर्धराचा हात आपल्या हाताहून निराळा चालतो हें पाहून त्यानें देशोदेशींच्या रीती गोळा केल्या आणि १८८५ सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या वर्गीकरणांतील तीन रीती येथें पुरेशा आहेत. पहिली चिमटीची : बाणाचें बूड अंगठा व तर्जनी यांच्या चिमटींत धरून ओढावयाचें. दुसरी बोटांची : दोन अथवा तीन बोटें दोरीस अडकवून ओढावयाचें, यूरोपांत हीच चालत आली. तिसरी अंगठ्याची : दोरी अंगठ्यानें अडकवून त्यावर तर्जनीचा दाब द्यावयाचा. मोंगोल, चिनी, तुर्क, इराणी व जपानी लोक या शेवटच्या रीतीचे. दोरीनें अंगठा कापूं नये म्हणून तुर्क व इराणी धनुर्धर त्यांत कठीण अंगठी घालीत. हिंदुस्थानांत मोगल दरबारीं हीच चाल होती, आणि शहाजहानची जेड पाषाणाची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत आहे.

आपल्याकडील शास्त्र याविषयीं काय सांगतें? इ. स. १३६३ मध्यें रचिलेल्या शार्ङ्गधरपद्धतींत धनुर्वेदाचें प्रकरण आहे. तींत पताका, वज्रमुष्टि, सिंहकर्णी, मत्सरी व काकतुंडी अशा पांच मुष्टि सांगितल्या आहेत; वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंतही त्याच येतात. पताकेंत तर्जनी लांब करून अंगठ्याच्या मुळाशीं टेकावयाची. वज्रमुष्टींत अंगठा तर्जनी व मध्यमा यांच्या मध्यें शिरतो. सिंहकर्णींत तर्जनीचें टोंक अंगठ्याच्या मध्यभागीं, मत्सरींत अंगठ्याच्या नखाच्या मुळाशीं, आणि काकतुंडींत अंगठ्याच्या अग्रावर येतें. जड नाराचासाठीं वज्रमुष्टि आणि सूक्ष्म लक्ष्यासाठीं काकतुंडी, असा विनियोगही दिला आहे. या लक्षणांत एक गोष्ट समान आहे : अंगठ्यावांचून पांचांपैकीं एकही मुष्टि बांधतां येत नाहीं.

एवढ्यावरून निर्णय करावयाचा तर तो घाईचा होईल. शार्ङ्गधराच्या काळीं दिल्लीस तुर्की धनुर्धर येऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता. तेव्हां त्याचा ग्रंथ महाभारतकालीन रीतीचा साक्षी म्हणून जसाच्या तसा घेतां येत नाहीं. गुप्त राजांच्या धनुर्धर-छापाच्या सुवर्णनाण्यांचीही येथें मदत होत नाहीं, कारण त्यांवरील राजा धनुष्य व बाण घेऊन नुसता उभा आहे. तो दोरी ओढीत नाहीं. शिवाय अंगठा गेल्यावर चिमटीची रीतही बंद पडणार. मग एकलव्याची मूळ रीत चिमटीची कीं अंगठ्याची? हा प्रश्न कोशांनीं सुटेना, तेव्हां हातानें सोडवून पाहावा असें आम्हीं ठरविलें.

वयाच्या बासष्टाव्या वर्षीं आम्हीं धनुष्य हातीं धरिलें. आमच्या गांवीं हा खेळ कोणी खेळत नाहीं. तेथें धनुष्य म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकींतील रामाच्या खांद्यावरची पुठ्ठ्याची वस्तु. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणीं क्रीडासंकुलांत गेलों. तेथील शिक्षक आमच्या मुलाच्या वयाचे. त्यांनीं मुलांस हंसूं न देतां तर्जनी, मध्यमा व अनामिका यांनीं दोरी ओढून ती हनुवटीशीं आणण्यास शिकविलें. ऑलिंपिक सामन्यांत सत्तर मीटरांवरील लक्ष्य याच रीतीनें वेधितात. अंगठ्याविषयीं त्यांची सूचना एवढीच, कीं तो तळहाताकडे मुडपून ठेवावा. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेथें पुन्हां समोर उभा राहिला.

पुढें एक साधें बांबूचें धनुष्य मिळविलें. शाळेंतील ताणकाटा लावून पाहतां त्याची ओढ सुमारें अकरा किलो भरली. जाणत्यांच्या दृष्टीनें हें मुलांचें धनुष्य. तरीही चिमटीनें तें छातीपर्यंत येई आणि बूड निसटे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील आयुधांच्या सूक्तांत (६.७५) धनुष्याची दोरी कानाशीं येते. चिमटीनें आम्हांस ती कानाशीं कधींच आणतां आली नाहीं. मग अंगठा दोरीस अडकविला, वर तर्जनी दाबिली. परंतु बाण दर वेळीं ढळून पायांशीं पडे. आठ दिवस हेंच चाललें. नवव्या दिवशीं चूक ध्यानांत आली. क्रीडासंकुलांत शिकल्याप्रमाणें बाण आम्हीं धनुष्याच्या डाव्या अंगास ठेवीत होतों. तो उजव्या अंगास ठेवितांच स्थिर झाला, कारण अंगठ्यानें ओढतांना मनगटास जो किंचित् पीळ बसतो, त्यानें तर्जनीची कड बाणास धनुष्यावर दाबून धरिते. बोटांनीं ओढतांना हा पीळ उलट असतो, म्हणून त्या रीतींत बाण डाव्या अंगास.

ही गोष्ट क्षुल्लक दिसते, परंतु शीघ्रतेचें मर्म तिच्यांत आहे. भात्यांतून बाण काढणारा हात उजवा. बाण उजव्या अंगास ठेवावयाचा असेल तर तो सरळ धनुष्यावर उतरतो. डाव्या अंगास ठेवावयाचा तर दोरी व धनुष्य यांस वळसा घालून न्यावा लागतो. तेव्हां ज्याचा अंगठा गेला त्यास नुसतीं बोटें बदलून भागलें नसावें. बाणाची बाजू, मनगटाचा पीळ, भात्यापासून दोरीपर्यंतची हाताची वाट, हें सर्व त्यास नव्यानें शिकावें लागलें असेल. तो बाण मारूं शकेल, नेमही साधेल. परंतु सात बाण एका क्षणांत सोडणें त्यास जमणार नाहीं. कवीनें जें एका वाक्यांत सांगितलें आहे तें हेंच.

त्या बांबूच्या धनुष्याविषयीं दोन शब्द. तें आम्हांस नंदुरबार जिल्ह्यांत एका आठवडेबाजारीं एका वृद्ध भिल्ल गृहस्थांनीं करून दिलें. त्याची दोरीही बांबूच्या सालीची होती. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत ज्येचीं द्रव्यें सांगतांना मूर्वा, रुई, ताग, स्नायु यांबरोबर वेणूही दिला आहे. वेणूची दोरी कशी वळावी हें न कळून आम्ही तो पाठच संशयित मानीत होतों. ती आमच्या समोर चाकूनें सोलून निघाली! ते स्वतः तर्जनी व मध्यमा यांच्या मध्यें बाण धरून ओढीत. अंगठ्याचा स्पर्शही होऊं देत नसत. कारण विचारतां म्हणाले, "आमच्या माणसाचा अंगठा घेतला होता ना, गुरुजी. तेव्हांपासून आम्ही लावत नाहीं."

भिल्लांमध्यें ही समजूत रूढ आहे. ग्रंथाच्या दृष्टीनें एकलव्य निषाद होता, आणि बोटांची रीत इतर अनेक देशांत स्वतंत्रपणें आढळते. म्हणून हा प्राचीनतेचा पुरावा म्हणून आम्ही पुढें करीत नाहीं. परंतु आमच्या वर्गांत ज्या कथेचें तात्पर्य गुरुभक्ति ठरलें, तिचा हिशेब दुसरीकडे दुसऱ्या रीतीनें ठेविला गेला आहे, याचा हा पुरावा निश्चित आहे. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्याच हिशेबांतून आला होता. तो अज्ञान समजून आम्हीं त्यास खालीं बसविलें.

येणेंप्रमाणें आमचें मत असें. आदिपर्वांतील हा भाग ज्यानें रचिला त्यास अंगठ्याची व बोटांची अशा दोन्ही रीती ठाऊक होत्या, आणि पहिली अधिक शीघ्र हेंही ठाऊक होतें. चिमटीचा पक्ष सर्वथा खोडून काढतां येत नसला, तरी जड धनुष्य व कानापर्यंतची ओढ यांच्याशीं तो जुळत नाहीं. यावरून द्रोणांच्या मागणीचा अर्थ लागतो. अर्जुनाच्या तोडीचा दुसरा कोणी होऊं देणार नाहीं, असें वचन ते देऊन बसले होते. त्यांनीं एकलव्याचा हात मागितला नाहीं, डोळा मागितला नाहीं. ज्या एका गुणांत तो अर्जुनाच्या पुढें गेला होता तेवढाच नेमका काढून घेतला. ही मागणी रागाची नव्हे, जाणत्या शिक्षकाची आहे. आणि म्हणूनच ती अधिक कठोर आहे. त्यागाची कथा म्हणून ती शिकवितांना हें सांगणें आमच्याकडून राहून गेलें.

तो विद्यार्थी आतां एका आश्रमशाळेंत शिक्षक आहे. हें उत्तर आम्हीं त्यास पत्रानें कळविलें असून, उशिराबद्दल क्षमाही मागितली आहे. लेखांतील दोष जाणत्यांनीं दाखविल्यास आम्ही त्यांचे ऋणी होऊं.