फेकलेल्या कागदांची रोजनिशी

वापरलेलं तिकीट, चॉकलेटवरचं वेष्टन, जाहिरातीचा कपटा असं काहीबाही चिकटवून केलेल्या चित्राला कोलाज म्हणतात. ‘चिकटवणं’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हा शब्द आला. मुलांकडून कोलाज आपण नेहमीच करून घेतो. त्याचा इतिहास मात्र कागदाच्या इतिहासाशी जोडलेला आहे, तो इथे थोडक्यात पाहू.

पूर्वी युरोपात कागद चिंध्यांपासून बनत असे, त्यामुळे तो महाग असे. १८४४ च्या सुमारास जर्मनीतल्या फ्रीडरिक केलर या विणकराने लाकूड दळून लगदा करण्याची रीत शोधली. पुढे कागद इतका स्वस्त झाला, की तो वापरून फेकून देणं परवडू लागलं. १९१२ मध्ये ब्राक आणि पिकासो यांनी भिंतीला लावायचे छापील कागद आणि वर्तमानपत्रं आपल्या चित्रांत चिकटवली.

रद्दीलाच आपलं मुख्य साधन केलं ते कुर्ट श्विटर्सने. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला होता, जुनी घडी मोडली होती. अशा वेळी मोडक्या तुकड्यांतूनच नवं घडवायला हवं, असं त्याला वाटे. १९१९ पासून हानोवर शहरात तो तिकिटं, लेबलं, तारा, लाकडाचे तुकडे गोळा करून चित्रं करू लागला. या कलेला त्याने ‘मेर्त्स’ हे नाव दिलं. तेही एका बँकेच्या जाहिरातीतल्या ‘कॉमेर्त्स’ या शब्दाचा कापलेला तुकडाच!

नात्सींनी १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात त्याची चित्रं टवाळीसाठी मांडली. त्याआधीच तो नॉर्वेला निघून गेला होता. १९४० मध्ये तिथूनही पळून तो ब्रिटनला पोचला, तर जर्मन म्हणून त्याला छावणीत ठेवलं गेलं. तरी त्याचं चिकटवणं थांबलं नाही. १९४८ मध्ये तो वारला. त्याच्या चित्रांत आधी जर्मन कागद दिसतात, मग नॉर्वेचे, शेवटी इंग्रजी वेष्टनं. निर्वासिताची ही रोजनिशीच म्हणायची.

पण हे कागद टिकाऊ नाहीत. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन राहतं. उजेड आणि हवा यांमुळे ते पिवळं, तपकिरी पडतं. म्हणजे जो कागद स्वस्त म्हणून चित्रात आला, तोच चित्राचा रंग बदलत राहतो.

वर्गात हे सहज पाहता येईल. वर्तमानपत्राचा तुकडा अर्धा झाकून काही दिवस उन्हात ठेवावा आणि दोन्ही भागांची तुलना करावी. शिवाय मुलांच्या कोलाजमागे तारीख, गाव आणि कागद कुठून मिळाला ते लिहून ठेवावं, असं आम्ही सुचवतो. आज कचऱ्यात जाणारं वेष्टन उद्या आपल्या काळाविषयी बोलेल.