धारेच्या जागी आरती

सातपुड्यातील भिलांनी दारू कशी सोडली हे समजून घ्यावयाचे, तर ती त्यांच्या जीवनात कोणत्या जागी होती, हे आधी पाहिले पाहिजे. वसंतात झडणारी मोहाची फुले वेचून, वाळवून, आंबवून गाळलेली ती दारू त्यांस केवळ नशेचे साधन नव्हती. जन्म असो, लग्न असो वा मयत, ओठांस लावण्यापूर्वी तिची धार देवाच्या व पितरांच्या नावाने भूमीवर सोडावयाची, हा कृतज्ञतेचाच विधी होता. सन १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा हक्क सरकार व मक्तेदार यांच्या हाती एकवटला, आणि जे रानात फुकट पडत होते तेच दुकानात विकत घेण्याची पाळी आली. मग उधारी सावकाराच्या खतावणीत चढली आणि देवाची धारही कर्जाची झाली.

१९२२ साली डांग-सुरतेकडे उसळलेल्या देवीच्या चळवळीत अंगात आलेल्यांच्या मुखातून दारू-ताडी सोडण्याचा हुकूम सुटला. परंतु वारे उतरल्यावर धारेची ती रिकामी जागा कशाने भरावयाची?

याचे उत्तर, माझ्या मते, तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी दिले. धुळे हे ज्याचे मुख्य ठाणे, त्या पश्चिम खानदेशात तेव्हा हा मुलूख मोडत असे. आज तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. दारू व मांस वर्ज्य करावे, स्नान करून स्वच्छ राहावे आणि सोमवारी एकत्र जमून आरती करावी, एवढाच त्यांचा उपदेश. पण त्यासोबत त्यांनी प्रत्येकाने प्रत्येकास 'आप' म्हणावे, असे सांगितले. ज्या माणसास कचेरीत, सावकाराच्या ओट्यावर आणि कलालाच्या दुकानात जन्मभर 'अरे'खेरीज दुसरे संबोधन ठाऊक नव्हते, त्यास त्याच्याच भाऊबंदांनी हात जोडून 'आप' म्हणावे, यात केवढे सामर्थ्य होते! दारू सोडणारा एरवी काहीतरी गमावून बसतो; येथे त्यास काही मिळत होते, आणि जे मिळाले त्याबद्दलचे आभार, जे पूर्वी धारेने मानले जात, ते आता आरतीने मानता येत होते.

१९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी दोन मद्यासक्त एकमेकांच्या आधाराने दारूपासून दूर राहिले व त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली; नियमाने एकत्र बसणे हा तिचाही प्राण. मोरवडास तिची वार्ता असण्याचे कारण नव्हते, तरीही एकट्याने सुटत नाही ते दहाजणांत सुटते, हे दोन्हीकडे त्याच दशकात उमगले, याचे मला फार अप्रूप वाटते.

१९३८ साली गुलाम महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी पंथ चालविला. जमणाऱ्या अफाट समुदायाची धास्ती घेऊन सरकारने पुढे त्यांस हद्दपार केले. परंतु हद्दपारीचा हुकूम एका माणसावर बजावता येतो. सोमवारच्या सांजेस घरोघर लागणाऱ्या दिव्यावर तो कोणता अंमलदार बजावणार होता?