आठ एमबीचा पराक्रम

नगरमध्ये प्लेस्टेशन २ खेळलेल्या पोरांची सगळी कमाई ८ एमबीच्या मेमरी कार्डात मावायची. कार्ड गेलं की पुन्हा पहिल्यापासून!

२००६च्या प्लेस्टेशन ३ने लॅपटॉपचीच अडीच इंची साटा हार्डडिस्क घेतली, वर ती बदलायची मुभाही दिली. एक्सबॉक्स ३६०ने मात्र स्वतःचीच डिस्क गळ्यात मारली. २०१३च्या प्लेस्टेशन ४मध्ये ५०० जीबी होते. डिस्कचा कप्पा सोडवायला त्रिकोण-चौकोन-वर्तुळ-फुली कोरलेला एकच स्क्रू. खरी मेख जाडीत: मर्यादा साडेनऊ मिलिमीटर. जास्त टीबीच्या मोहाने १५ मिलिमीटरची आणली, तर ती हातातच राहायची.

सप्टेंबर २०२१मध्ये प्लेस्टेशन ५ची जादा एसएसडी बसवायची एम.२ खाच खुली झाली. सोनीची शिफारस सेकंदाला ५,५०० एमबी वेगाची, शिवाय उष्णता शोषणारी पट्टी सक्तीची. पारा चाळिशीला टेकणाऱ्या नगरला ही अट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.